टेबल कन्सोलवर तुटकं दिसतंय? डेटाला हात लावण्याआधी या चुका टाळा

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयाच्या मागच्या खोलीत रोज संध्याकाळी पायथनची शिकवणी चालते. आसपासच्या पाच-सहा गावांतली पोरंपोरी येतात. कुणी कॉलेजात आहे, कुणी दिवसभर वावरात राबून येतं, कुणी बाजार समितीत अडत्याकडे हिशेब लिहितं. सरावाला आम्ही घरचाच डेटा घेतो: कापसाची आवक, तुरीचे भाव, सभासदांच्या याद्या. त्यातला एक पोरगा शेतकऱ्यांच्या एका गटाची सभासद यादी पांडासमध्ये (टेबलं हाताळायची पायथनची लायब्ररी) सांभाळायचा. यादीत ५८ नावं होती, आणि प्रिंट केली की सगळीच्या सगळी कन्सोलवर, म्हणजे पायथनचं उत्तर छापणाऱ्या खिडकीत, दिसायची.

एका शनिवारी त्यानं सहा नवीन नावं टाकली आणि पुन्हा प्रिंट केलं. वर पाच ओळी, खाली पाच ओळी, मधे तीन ठिपके. त्याला वाटलं, यादी उडाली. रात्री बसून त्यानं कागदी रजिस्टरवरून जुनी ५८ नावं पुन्हा भरली आणि सोमवारी माझ्याकडे आला. "सर, सभासदच गायब झाले होते ना जी! दहाच राह्यले होते. मी समदे परत टाकले."

गायब काहीच झालं नव्हतं. ६४ नावं जागच्या जागी होती. आता मात्र फाइलमध्ये १२२ ओळी झाल्या होत्या आणि कापसाच्या पेऱ्याची बेरीज जवळपास दुप्पट येत होती. दुसऱ्या भरतीत काही नावांचं स्पेलिंग वेगळं पडलं होतं, म्हणून डुप्लिकेट काढायची आज्ञाही पुरी पडेना. रजिस्टर मांडीवर घेऊन एकेक नाव ताडत आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या.

तेव्हापासून वर्गात पहिला धडा हाच असतो: कन्सोलवर टेबल विचित्र दिसलं तर आधी ठरवा, बिघाड दिसण्यात आहे की असण्यात. दिसण्यातला बिघाड एका ओळीत सुटतो. तो असण्यातला समजून दुरुस्त करायला गेलात, तर चांगला डेटा तुमच्याच हातानं बिघडतो.

एक खुलासा आधीच करतो. वर्गात मी आज्ञा बोलून सांगतो, तशाच इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजीत, लहान अक्षरांत करायच्या. डीएफ म्हणजे तुमचा डेटाफ्रेम, पांडासमधलं टेबल; पीडी म्हणजे पांडास.

ओळी गायब: ६० चा उंबरठा

पांडास ६० ओळींपर्यंतचं टेबल पूर्ण दाखवतं. ६१ वी ओळ आली की ते ६० दाखवून थांबत नाही, थेट दहावर उतरतं: पाच वरच्या, पाच खालच्या. या मागं दोन वेगळ्या सेटिंग आहेत. मॅक्स_रोज म्हणजे किती ओळींपर्यंत पूर्ण दाखवायचं, ते मुळात ६० असतं. मिन_रोज म्हणजे ती हद्द ओलांडल्यावर किती दाखवायच्या, ते मुळात १० असतं. ५८ वरून ६४ वर गेलेली यादी म्हणूनच एकदम दहावर आली. ही उडी माहीत नसेल तर माणूस घाबरणारच, त्यात त्या पोराचा दोष नाही.

पण टेबलाच्या खाली, चौकटी कंसात एक ओळ छापली जाते. त्यात ओळी आणि कॉलम यांची खरी संख्या असते. त्याच्या स्क्रीनवरही तिथे ६४ लिहिलेलं होतं. नजर ठिपक्यांवर अडकली आणि खाली गेलीच नाही. म्हणून सवय लावा, आधी "डीएफ.शेप" बघायचं. त्याला कंस लागत नाही आणि ते दोन आकडे देतं, ओळी किती आणि कॉलम किती. ते आकडे तुमच्या रजिस्टरशी जुळले तर डेटा शाबूत आहे, चहा प्या आणि मग सेटिंग बघा.

सगळ्या ओळी बघायच्याच असतील तर "पीडी.सेट_ऑप्शन", त्यात पहिलं "डिस्प्ले.मॅक्स_रोज", दुसरं नन. नन म्हणजे पायथनचं "काहीच नाही", इथे त्याचा अर्थ मर्यादा नाही, आणि त्याचं पहिलं अक्षर मोठं. एकदाच छापायचं असेल तर "प्रिंट(डीएफ.टू_स्ट्रिंग())" पुरतं.

इथे लगेच दुसरी चूक होते. मर्यादा काढण्याची ओळ पोरं प्रत्येक फाइलच्या डोक्यावर कायमची डकवून ठेवतात. मग कुणीतरी बाजार समितीच्या वर्षभराच्या आवकेची बारा हजार ओळींची फाइल उघडतं आणि जुना लॅपटॉप मिनिटभर नुसता ओळी ओकत बसतो. सुरुवातीला आलेला इशारा वर कुठेतरी वाहून जातो, तो कुणी वाचतच नाही. तात्पुरतं हवं असेल तर "विथ पीडी.ऑप्शन_कॉन्टेक्स्ट" वापरा. त्या ब्लॉकपुरतं सेटिंग बदलतं आणि बाहेर पडलं की आपोआप जागेवर येतं. आणि खरं तर बारा हजार ओळी डोळ्यांनी कुणी वाचत नाही. "हेड" पहिल्या पाच दाखवतं, "टेल" शेवटच्या पाच, "सॅम्पल" मधल्या कुठल्याही. मला सॅम्पल जास्त आवडतं, कारण घाण बहुतेक वेळा मधेच दडलेली असते. वरच्या पाच ओळी भरताना सगळेच सावध असतात.

कॉलम गायब, किंवा टेबल तुकड्यातुकड्यांत

बाजारभावाचं टेबल आडवं पसरतं: तारीख, बाजार समिती, शेतमाल, जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. नऊ कॉलम. कन्सोल अरुंद असेल तर पांडास मधले कॉलम गाळून तिथे ठिपके टाकतं. आमच्याकडे निम्मी पोरं मोबाइलवर टर्मक्स या टर्मिनल अॅपमध्ये पायथन चालवतात. तिथे स्क्रीन उभी, म्हणून पहिले एक-दोन आणि शेवटचे एक-दोन कॉलमच दिसतात. फोन आडवा करून पुन्हा प्रिंट केलं की कॉलम वाढतात, कारण पांडास दर वेळी टर्मिनलची रुंदी विचारून घेतं. ही युक्ती एका पोरीनं स्वतः शोधली, मी शिकवलेली नाही.

"डिस्प्ले.मॅक्स_कॉलम्स" ला नन दिलं की कॉलम गाळले जात नाहीत. पण मग टेबल रुंदीत मावत नाही आणि खंड पडून एकाखाली एक येतं. पहिल्या खंडाच्या मथळ्याच्या शेवटी एक तिरपी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे "उरलेले कॉलम खाली बघा" एवढंच. नवीन पोरं त्या रेघेला एरर समजतात, किंवा खालचा खंड वेगळं टेबल समजून वहीत दोनदा उतरवतात. एकाच पट्टीत हवं असेल तर "डिस्प्ले.विड्थ" वाढवा, ते मुळात ८० असतं. मात्र टर्मिनलची खिडकीच लहान असेल तर लांब ओळी टर्मिनल स्वतः मोडतं आणि मग काहीच उमगत नाही. तेव्हा अक्षर लहान करा किंवा खिडकी मोठी करा.

मोबाइलवर माझा खात्रीचा उपाय वेगळाच आहे: "डीएफ.हेड(२).टी", त्यातला टी मोठा. टेबल आडव्याचं उभं होतं. कॉलमची नावं डाव्या हाताला एकाखाली एक येतात आणि दोन ओळींची माहिती शेजारी. उभ्या स्क्रीनला उभं टेबल. भरणी तपासायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

लांब मजकूर कापला जाणं हे याचंच भावंड. पत्ता किंवा शेरा ५० अक्षरांपुढे गेला की शेपटाला ठिपके येतात. "डिस्प्ले.मॅक्स_कोलविड्थ" ला नन द्या. सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) मजकूर पूर्णच जातो, तिथे काळजी नको. एचटीएमएल (वेबपेजची फाइल) मात्र हे सेटिंग पाळतं, म्हणून एचटीएमएल काढण्याआधी नन देणं विसरू नका, नाहीतर कापलेला पत्ताच छापून हातात येईल.

टेबल दिसतच नाही, किंवा नुसतं "नन" येतं

हे पटकन सांगतो. पायथनच्या प्रॉम्प्टवर नुसतं डीएफ लिहिलं तरी टेबल दिसतं. फाइल करून चालवली तर दिसत नाही, तिथे प्रिंट लागतंच. हेड लिहून कंस विसरलात तर "बाउंड मेथड" अशी सुरुवात होऊन भलतंच छापलं जातं, म्हणजे कंस टाका. "प्रिंट(डीएफ.इन्फो())" केलं की माहितीच्या खाली एक अनाथ नन येतो, कारण इन्फो स्वतःच छापतं आणि परत काही देत नाही. तो नन निरुपद्रवी.

घातक नन वेगळा आहे. "डीएफ = डीएफ.सॉर्ट_व्हॅल्यूज(..., इनप्लेस=ट्रू)" असं लिहिलं की क्रम जागच्या जागी लागतो, आज्ञा नन परत देते, आणि तो नन तुम्ही डीएफ या नावात भरून टाकता. टेबल हातातून जातं. एक तर इनप्लेस वापरा, नाहीतर बरोबरचं चिन्ह. माझ्या मते इनप्लेस सोडूनच द्या.

मराठी अक्षरं आली की रांग का मोडते

याला थोडा वेळ देतो, कारण याचं उत्तर आम्हाला कुठेच सरळ मिळालं नव्हतं.

शेतमालाच्या कॉलमात मराठी नावं असली की शेजारचे आकडे एका रेषेत राहत नाहीत. पोरांना वाटतं, कुठेतरी जास्तीची स्पेस पडली आहे. मग ते स्पेस काढण्याच्या आज्ञा चालवतात, फरक पडत नाही.

कारण अक्षरं मोजण्यात आहे. "कापूस" हा शब्द आपण तीन अक्षरांचा म्हणतो. संगणकाच्या साठ्यात तो पाच खुणांचा आहे: क, काना, प, दीर्घ उकार, स. "सोयाबीन" आपल्याला चार, साठ्यात सात. "हरभरा" आपल्याला चार, साठ्यात पाच. पांडास रिकाम्या जागा भरताना साठ्यातल्या खुणा मोजतं. टर्मिनल मात्र उकार अक्षराच्या खाली काढतं, त्याला वेगळी जागा देत नाही. मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरं, प्रत्येकाची जागा टर्मिनल आपापल्या परीनं ठरवतं. मोजणारा एक आणि काढणारा दुसरा, म्हणून रांग मोडते. शब्दात मात्रा जितक्या जास्त, तितकी ओळ जास्त सरकते. "हिंगणघाट" आणि "यवतमाळ" एकाखाली एक छापून बघा.

पांडासमध्ये "ईस्ट_एशियन_विड्थ" नावाचं सेटिंग आहे आणि शोधता शोधता बरेच जण तिथे पोचतात. ते चिनी, जपानी, कोरियन अशा दुप्पट रुंद अक्षरांसाठी आहे. देवनागरीचा प्रश्न त्यानं सुटत नाही, उलट छपाई मंदावते. तो रस्ता धरू नका.

मग करायचं काय? सगळ्यात सोपं म्हणजे मराठी कॉलम शेवटी टाका. कॉलमची यादी हव्या त्या क्रमानं दुहेरी चौकटी कंसात दिली की टेबल तसं मांडलं जातं. आकडे डावीकडे असले की ते एका रेषेत राहतात, आणि हलायचं ते शेवटचं नाव हलतं, त्यानं कुणाचं बिघडत नाही. मथळे मराठी असतील तर मथळ्याची ओळ थोडी सरकेल, आकड्यांच्या ओळी नाही. आणि मराठी नाव इंडेक्सला तर अजिबात लावू नका. तो सगळ्यात डावीकडे असतो, तिथे नाव सरकलं की पूर्ण ओळ सरकते.

दुसऱ्याला दाखवायचं असेल, सभेत किंवा कास्तकाराला, तर कन्सोलचा नाद सोडा. "डीएफ.टू_एचटीएमएल" नं फाइल काढा आणि ब्राउझरमध्ये उघडा. तिथे टेबलाला खरे रकाने असतात, रिकाम्या जागांवर काही अवलंबून नसतं. अक्षरं विचित्र दिसली तर फाइलच्या डोक्यावर मेटा चारसेट यूटीएफ-८ (अक्षरं साठवण्याची आजची पद्धत) ची ओळ हातानं टाका, पांडास ती टाकत नाही. ज्युपिटर किंवा कोलॅब वापरत असाल तर हा त्रास नाहीच, तिथे टेबल मुळातच एचटीएमएलमध्ये येतं.

चौकोन, कचरा आणि प्रश्नचिन्हं: तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक

मराठीच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर टर्मिनलच्या फॉन्टात देवनागरी नाही, एवढाच अर्थ. डेटा चांगला आहे. तोच मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की मराठी दिसते.

मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसला, आणि त्यात डोक्यावर रेघ असलेला छोटा ए पुन्हा पुन्हा येत असला, तर फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे आणि वाचणाऱ्यानं ती विंडोजच्या जुन्या १२५२ पद्धतीनं वाचली आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची असते आणि त्या सगळ्यांचा पहिला बाइट एकच असतो. तोच त्या ए च्या रूपात दिसतो. वाचताना "एन्कोडिंग='यूटीएफ-८'" द्या. विंडोजच्या काळ्या खिडकीतच असं होत असेल तर आधी "सीएचसीपी ६५००१" चालवा. हा कचरा जोवर सेव्ह करत नाही, तोवर काही बिघडलेलं नाही.

आणि मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मात्र थांबा. एक्सेलमधून साधी सीएसव्ही म्हणून फाइल सेव्ह केली की ज्या अक्षराला जुन्या पद्धतीत जागा नाही त्याचं प्रश्नचिन्ह होतं. मूळ अक्षर त्या फाइलमध्ये उरतच नाही, मग कुठलंही सेटिंग त्याला परत आणू शकत नाही. मूळ एक्सेल फाइल शोधा आणि या वेळी सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा. उलट बाजूनं, पांडासमधून काढलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडायची असेल तर एन्कोडिंग "यूटीएफ-८-सिग" द्या, म्हणजे एक्सेलला ओळख पटते.

जुन्या याद्यांमध्ये चौथा प्रकार भेटतो. श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टात टाइप केलेला मजकूर. त्या फॉन्टात तो मराठी दिसतो, कन्सोलवर मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. इथे साठ्यातच रोमन अक्षरं आहेत, फॉन्ट त्यांना मराठीचा चेहरा देत होता. आधी कन्व्हर्टरनं युनिकोड (प्रत्येक मराठी खुणेला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) करून घ्या, मगच पांडासकडे या.

स्क्रीनवर नीट दिसणारं टेबल फाइलमध्ये वळवताना "कॅरमॅप" असा शब्द असलेला युनिकोड एन्कोड एरर विंडोजवर हमखास येतो. पायथन ३.६ पासून विंडोजच्या कन्सोलवर छापताना युनिकोड वापरलं जातं, पण फाइलकडे वळवलं की जुनी पद्धत लागू होते. म्हणून तोच प्रोग्राम स्क्रीनवर चालतो आणि फाइलकडे पाठवताच पडतो. "पायथनयूटीएफ८" हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, सगळा मोठ्या लिपीत, १ वर ठेवला की ३.७ आणि पुढच्या आवृत्त्यांत हा प्रश्न मिटतो.

आकडे: इथे चूक झाली तर चुकारा दुसऱ्याच्या खात्यात जातो

मोबाइल नंबरच्या कॉलमात "९.८२२०१२ई+०९" असं काही दिसलं की पोरं म्हणतात, नंबर बिघडले. बहुतेक वेळा बिघडलेले नसतात. एखाद्या सभासदाचा नंबर रिकामा असतो, रिकाम्या जागेसाठी पांडास पूर्ण कॉलम दशांश प्रकारात नेतं, आणि मोठा दशांश आकडा छापताना संक्षेप करतं. सभासद क्रमांक १०१ चा १०१.० होतो तोही याच कारणानं. नुसते पूर्णांक हवे असतील तर "इंट६४" हा प्रकार द्या, त्यातला आय मोठा, तो रिकाम्या जागा सांभाळून घेतो.

पण मोबाइल नंबर, खाते क्रमांक, गट नंबर हे आकडे नाहीतच. त्यांची आपण कधी बेरीज करत नाही. ते मजकूर म्हणूनच वाचा: फाइल वाचताना "डीटाइप" मध्ये त्या कॉलमांसाठी "एसटीआर" सांगा. नाहीतर खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात, आणि हा बिघाड दिसण्यातला नाही, असण्यातला आहे. एक्सेल तर पहिले १५ अंकच धरून ठेवतं. १६-१७ अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून टाइप केला की १५ च्या पुढच्या अंकांची शून्यं होतात आणि मूळ अंक परत मिळत नाहीत.

गट नंबरची गोष्ट आणखी वाईट. सातबाऱ्यावरचा १२/३ हा नंबर एक्सेलमध्ये टाकला की त्याची तारीख होते, १२ मार्च. तो कॉलम भरण्याआधीच टेक्स्ट करून ठेवा. आणि चांगली सीएसव्ही दुहेरी क्लिकनं एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका, फक्त बघायला उघडली तरी सेव्हचं बटन दाबू नका. आमच्याकडे एका गावाची यादी अशीच गेली. शेवटी तलाठ्याकडच्या नोंदींवरून पुन्हा भरली.

भावाच्या कॉलमात स्वल्पविराम असेल तर तो मजकूर ठरतो. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ आणि मध्यम धाग्याचा ७,१२१. असे आकडे मजकूर म्हणून आले आणि बेरीज मागितली तर पायथन दोन्ही शब्द एकमेकांना चिकटवून देतं. क्रम लावला तर १०,०५० हा ७,५२१ च्या आधी येतो, कारण तुलना पहिल्या अक्षराची होते. कन्सोलवर बघून हे कळत नाही, दोन्ही सारखेच दिसतात. "डीएफ.डीटाइप्स" बघा. भावासमोर ऑब्जेक्ट किंवा एसटीआर लिहिलेलं असेल तर फाइल वाचताना "थाउजंड्स" मध्ये स्वल्पविराम द्या.

देवनागरी आकड्यांचंही तसंच. रीड_सीएसव्ही त्यांना मजकूर समजतं. पण खुद्द पायथनचं इंट देवनागरी अंक वाचतं, ७५२१ देवनागरीत दिलं तरी बरोबर आकडा देतं. म्हणून त्या कॉलमवर "मॅप(इंट)" चालवलं की काम होतं, फक्त रिकाम्या जागा आधी भरून घ्या, नाहीतर तिथे अडेल. हे पहिल्यांदा चाललं तेव्हा अख्ख्या वर्गाला आनंद झाला होता. आजोबांच्या वहीतले आकडे जसेच्या तसे चालतात म्हणजे काय!

शेतकऱ्याचं नाव सापडत नाही

आता ज्या चुकीनं मला स्वतःला सगळ्यात जास्त छळलं ती. टेबलात "शेतकऱ्याचे नाव" हा कॉलम डोळ्यांसमोर दिसतोय, आणि तोच मागितला तर की-एरर, म्हणजे असा कॉलमच नाही. स्पेलिंग दहादा तपासलं. मथळ्याच्या शेवटी स्पेस असते कधी कधी, म्हणून "डीएफ.कॉलम्स.एसटीआर.स्ट्रिप()" चालवलं. तरी नाही.

दोष त्या अर्ध्या र मध्ये होता. शेतकऱ्या, पऱ्हाटी, वऱ्हाड, धुऱ्यावर, हा र आपल्या बोलीत पावलापावलावर येतो. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड खालच्या नुक्त्याचा ऱ आणि हलन्त देतात. काही साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. डोळ्याला दोन्ही एकसारखे. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. फाइल भरणाऱ्याचा कीबोर्ड एक आणि माझा दुसरा.

ते उघडं पाडायचं असेल तर "प्रिंट(लिस्ट(डीएफ.कॉलम्स))" करा. टेबल म्हणून छापताना जोडचिन्ह लपतं, पण यादी म्हणून छापताना पायथन न दिसणारी चिन्हं कोडमध्ये लिहितं. तिथे शब्दाच्या पोटात तिरपी रेघ, यू आणि २००डी दिसलं की चोर सापडला. यादीत प्रत्येक नावाला अवतरणचिन्हं असतात, म्हणून मागेपुढे लागलेली स्पेसही तिथेच दिसते.

दुरुस्ती करताना ते चिन्ह नुसतं पुसू नका. पुसलं तर र चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो आणि शेतकऱ्याचा "शेतकर्याचा" होतो. र, हलन्त, जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त असं "रिप्लेस" करा, मथळ्यांतही आणि कॉलमांच्या आतही. युनिकोडचं ठरीव नॉर्मलायझेशन हे काम करत नाही, तेही मी करून पाहिलं आहे.

आतल्या डेटात हा घोळ असला तर एररही येत नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा. ग्रुपबाय करून पिकावार बेरीज घेतली की पऱ्हाटीच्या दोन ओळी येतात, एकीत काही एकर, दुसरीत उरलेले. दोन्हीकडे तेच नाव. अशा दोन जुळ्या ओळी दिसल्या की टेबल दोनदा छापलं गेलं असं समजू नका. त्या कॉलमवर "युनिक" चालवून तोही लिस्टमध्ये छापा आणि २००डी शोधा.

विचारायला याल तेव्हा

पोरं रात्री व्हॉट्सअॅपवर स्क्रीनचा फोटो पाठवतात. फोटो तिरपा, त्यावर बल्बचा उजेड, आणि नेमकी एररची शेवटची ओळ कापलेली. फोटोऐवजी चार गोष्टी मजकूर म्हणून पाठवा: एररची शेवटची ओळ, शेप, डीटाइप्स आणि लिस्ट करून छापलेले कॉलम. मोबाइलवर चालवत असाल तर तेही लिहा. खरी नावं, मोबाइल नंबर, खाते क्रमांक असलेल्या ओळी पाठवू नका, त्या लोकांच्या आहेत. आणि फाइलची एक प्रत तारीख टाकून बाजूला ठेवा, मग पुढच्या आज्ञा चालवा. मी जेवून झालं की उत्तर देतो.